विसाव्या माणसाची तारीख

सूर्यकांत अण्णांच्या कारखान्यात माणसं वीस होती आणि हजेरीपटावर नावं एकोणीस. विसावा होता पिराजी.

बेंगळूरमध्ये राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका बोळाच्या टोकाला ती शेड होती. पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे तिथं तयार व्हायचे आणि मोठ्या कंपन्यांकडे जायचे. साचा घडवून झाला की त्याचं तोंड घासून सपाट करायचं काम सरफेस ग्राइंडरचं, आणि ग्राइंडर पिराजीचा. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांइतकी चूक चालायची. पिराजीच्या हातून तेवढीही होत नसे. निपाणीतल्या एका वर्कशॉपात तो हे काम शिकला होता. तिथला मालक वारला, वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा छत्तिसाव्या वर्षी बायकोला घेऊन तो बेंगळूरला आला. अण्णाही मूळचे निपाणीचेच, तीस वर्षांपूर्वी इथं येऊन स्थिरावलेले. गावाकडचा माणूस म्हणून त्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी मशीनवर उभं केलं.

नाव मात्र लिहून घेतलं नाही. वीस माणसं झाली की कारखान्याला पी. एफ. लागू होतो, एकोणीस असली की होत नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी ते मोकळेपणानं सांगितलं होतं. स्वल्प दिवस असाच ऱ्हा, कोण सोडून गेलं की तुझं नाव चढवतो, असं ते म्हणाले होते. पुढं माणसं सोडून गेलीही. पण त्यांच्या जागी येणारे नाव लागल्याशिवाय कामाला हात लावायला तयार नसत, आणि पिराजी कधी तोंड उघडत नसे. त्यामुळं दर वेळी तोच मागं राहिला. अशी आठ वर्षं गेली. कुणी सरकारी साहेब तपासणीला आला की अण्णा डोळ्यानं खूण करायचे, पिराजी हात पुसून मागच्या दारानं निघायचा आणि समोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं कॉफी प्यायचा. एकदा साहेब जेवायला थांबला, तेव्हा पिराजीनं साडेतीन तासांत चार कॉफ्या संपवल्या होत्या.

गेल्या वर्षाच्या शेवटी नवे कामगार कायदे लागू झाले आणि होसूर रस्त्यावरच्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या सगळ्या पुरवठादारांना पत्रं धाडली. कारखान्यातला प्रत्येक माणूस कागदावर हवा, त्याला नेमणुकीचं पत्र हवं, पी. एफ. हवा, आमचा माणूस येऊन प्रत्येकाशी बोलेल. अण्णांचं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं होतं. पत्र आलं त्या आठवड्यात अण्णा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत न्यायला लागले.

मग एका सकाळी वीणानं पिराजीला ऑफिसात बोलावलं. वीणा हिशेबनीस, नागपूरची. नवरा महादेवपुऱ्यात संगणकाच्या कंपनीत, राहायला के. आर. पुरम, तिथून दोन मेट्रो बदलून ती रोज यायची. तिला लागून तीनच महिने झाले होते. तिच्या पुढ्यात पिराजीच्या नावाचा फॉर्म होता. आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, वारसाचं नाव, सगळं तिनं विचारून भरलं. वारस म्हणून पिराजीनं शिवलीला हे बायकोचं नाव सांगितलं. मग तिनं फॉर्म त्याच्याकडे फिरवून सहीची जागा दाखवली. पिराजीनं सही करण्याआधी वरपासून खाली वाचलं. रुजू झाल्याची तारीख ह्याच महिन्याची एक होती.

"म्याडम, ही तारीख चुकली. मी आठ वर्सं झाली हितं हाय."

वीणानं उठून दार लोटून घेतलं. "अण्णांनी हीच तारीख टाकायला सांगितलीय, पिराजीभाऊ. मला वाटलं, तुमच्याशी बोलणं झालं असेल."

मग तिनं त्याला नीट समजावलं. तिच्या बोलण्यात इंग्रजी शब्द खूप असायचे, पण मतलब पिराजीला कळला. नोकरीची पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते, पिराजीची ती कधीच भरली होती. एक तारखेचा कागद केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. नव्यानं कामाला लागलेल्या माणसामागं मालकाला सरकारकडून काही रक्कम मिळायची योजनाही होती, अण्णांनी तिची चौकशी केली होती. पण खरी अडचण वेगळीच होती. विसावा माणूस ज्या दिवशी येतो, त्या दिवसापासून सगळ्या कारखान्याला पी. एफ. लागतो. तुमची खरी तारीख लिहिली, तर आठ वर्षांचा सगळ्या वीस जणांचा पी. एफ., व्याज आणि दंड अण्णांच्या डोक्यावर बसेल. तेवढं त्यांना झेपणार नाही, असं वीणा म्हणाली. आणि मग हेही म्हणाली की सही करायची की नाही, हे ती सांगू शकत नाही.

पिराजीनं सही केली नाही. उद्या करतो, असं पुटपुटून तो बाहेर आला.

त्या दिवसापासून त्याचं कामात लक्ष लागेना. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरचा आकडा तो एकदा वाचायचा, विसरायचा, पुन्हा वाचायचा. पगार आठ वर्षं रोख पाकिटातून मिळाला होता. बँकेत त्याची खूण नव्हती. हजेरीपटावर नाव नव्हतं. आपण इथं होतो हे सिद्ध करायचं तर दाखवायचं काय, असा विचार करता करता त्याला ऑफिसच्या भिंतीवरचे आयुधपूजेचे फोटो आठवले. दर वर्षी यंत्रांना फुलं वाहून झाल्यावर सगळे ओळीत उभे राहायचे. आठ फोटोंत तो होता. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम बघायला गेला. फोटो होते, पण कुठल्याही फोटोवर साल नव्हतं. शिवाय आपण हे पुरावे कशासाठी शोधतोय, अण्णांना कोर्टात खेचायला का, ह्या विचारानं त्याला स्वतःचीच भीती वाटली. चव्वेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या कुठल्या शेडचं दार त्याच्यासाठी उघडणार होतं?

शिवलीला एका खासगी शाळेत आया होती. तिचा पी. एफ. पहिल्या महिन्यापासून कापला जायचा, आणि फोनवर त्याचा निरोप आला की ती तो पिराजीला वाचून दाखवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं ते खरं, अण्णांचं बी खरं," ती म्हणाली. "पण सही करायचीच तर अण्णांच्या सहीचं काय तरी आपल्या हातात पाहिजे. तोंडी नको."

तिसऱ्या दिवशी पिराजीच्या हातून एक साचा गेला. ग्राइंडरचा दगड जरा जास्त खाली आला, साच्याची प्लेट पाच मायक्रॉननं, म्हणजे त्या हजारातल्या पाच भागांनी, कमी झाली. कमी झालेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. चौदा दिवसांची इतरांची मेहनत त्या प्लेटीत होती. अण्णा बाहेर आले, प्लेट हातात घेऊन बघितली आणि ती खाली ठेवून आत गेले. पण शेडमधली माणसं पिराजीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. फॉर्मचं सगळ्यांना कळलं होतं. त्यानं मुद्दाम केलं, असं कुणीतरी पाण्याच्या टाकीपाशी म्हणालं, आणि ते पिराजीच्या कानावर आलं.

त्या संध्याकाळी योगीराज त्याच्या घरी आला. योगीराज लेथवर होता, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, छप्पन्न वर्षांचा, खानापूरकडचा. शिवलीलानं चहा केला. त्यानं तो बशीत ओतून घेतला.

"मी वाटंत हिशोब घातला," तो म्हणाला. "तुझी खरी तारीख लिवली तर माझी बी आठ वर्सं मिळत्यात. नुसती तुझी न्हाईत, समद्यांची मिळत्यात. तुझ्या एका तारखेत आमची समद्यांची आठ वर्सं हायत, पिराजी."

"मग लिवू म्हणतोस?"

"न्हाई. कारखाना बंद पडला तर त्या आठ वर्सांचं देणार कोण? मला दोन वर्सं ऱ्हायल्यात. दोन तर दोन, तेवढा तरी पी. एफ. मिळू दे." त्यानं चहा एका घोटात संपवला. "मी त्या प्लेटीबद्दल काय बोललो न्हाई. बोलणारे दुसरे हायत. पण तेंच्या घरात बी चूल हाय."

चपला घालून तो निघून गेला.

रविवारी पिराजी अण्णांच्या घरी गेला. अण्णा राजाजीनगरातच राहायचे, खाली दोन भाडेकरू, वर ते स्वतः. अण्णांच्या बायकोनं त्याला बसवलं, पाणी दिलं, शिवलीलाची चौकशी केली. अण्णा आतून आले ते बनियनवरच. त्यांचा चेहरा उतरला होता.

पिराजीनं घरून निघताना सगळं जुळवून ठेवलं होतं. ते जुळवलेलं पहिल्या वाक्यालाच सांडलं. त्यानं एवढंच सांगितलं की खरी तारीख लिहा असं तो म्हणत नाही. आठ वर्षांची ग्रॅच्युइटी पुढं-मागं देईन, एवढं अण्णांनी एका कागदावर लिहून द्यावं, मग तो लगेच सही करतो.

अण्णांनी सांगितलं की नव्या मशीनसाठी हे घर बँकेकडे तारण आहे. कंपनीनं काम काढून घेतलं तर तीन महिन्यांत शेडला कुलूप लागेल. एकोणीस माणसांत ते इतकी वर्षं कसेबसे तगले, विसाव्याचा कायदा सांभाळायला गेले असते तर पहिल्याच मंदीत बुडाले असते. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. पिराजीला वाटलं, हे ते स्वतःलाच अनेकदा सांगून चुकले असावेत.

"तू म्हणतोस तो कागद म्हंजे माझ्याविरुद्धचा पुरावा हाय," अण्णा म्हणाले. "तो मी देणार न्हाई. शब्द देतो. माझा शब्द तुला चालत न्हाई का?"

आठ वर्षांपूर्वीही त्यांनी शब्दच दिला होता. पिराजीच्या ते ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. अण्णांच्या बायकोनं उप्पिटाची ताटली आणली होती. ती संपवून तो उठला.

सोमवारी सकाळी त्यानं फॉर्मवर सही केली. वीणानं फॉर्म घेतला आणि त्याच्याकडे न बघता फाइलला लावला. दुपारी जेवताना दोघा-तिघांनी आपल्या डब्यातली भाजी त्याला वाढली. पिराजीनं ती खाल्ली, पण चव लागली नाही.

कंपनीचा माणूस गुरुवारी आला. अवधूत नाव, तिशीचा, पुण्याचा. त्यानं दिवसभर कागद तपासले आणि मग एकेका माणसाशी त्याच्या मशीनपाशी जाऊन बोलायला सुरुवात केली. बरोबर कुणी नको, असं त्यानं अण्णांना आधीच बजावलं होतं. अण्णा ऑफिसच्या काचेमागं उभे होते. पिराजीनं मनात उत्तर घोकून ठेवलं होतं, तरी अवधूत जसजसा जवळ यायला लागला तसतसं ते त्याला आठवेनासं झालं. कन्नडात बोलायचं ठरवून ठेवलं होतं, परकी भाषा असली की खोटं जरा लांबून बोलता येतं. पण अवधूतनं यादीतलं नाव वाचलं आणि हसून थेट मराठीत विचारलं, "पिराजी म्हणजे मराठी ना? कुठले तुम्ही?"

पिराजीनं निपाणी सांगितलं. अवधूतनं पगार वेळेवर होतो का विचारलं, जादा कामाचे तास विचारले, डोळ्याला लावायचा चष्मा मिळतो का विचारलं. पिराजी होय होय म्हणत गेला. मग अवधूतनं विचारलं, "इथं किती दिवस झाले?"

"ह्याच महिन्यात लागलो."

"आणि त्याआधी?"

हे त्याला कुणी पढवलं नव्हतं. काचेमागं अण्णांची सावली हलली. शेजारच्या लेथवर योगीराजनं मशीन बंद केलं, आणि एवढ्या आवाजात ती एक शांतता पिराजीला मोठी वाटली.

"हितंच," तो म्हणाला. "राजाजीनगरातच."

अवधूतनं लिहून घेतलं. मग तो तसाच उभा राहून पिराजीचं काम बघायला लागला. पिराजीनं प्लेट चुंबकावर बसवली, बोटाच्या टोकानं तिच्यावरून हात फिरवला, दगड खाली घेतला, पाण्याची धार जरा वळवली. हे सगळं त्याला न बघता यायचं आणि त्या वेळी न बघता येणं हीच अडचण होती. नव्या माणसासारखं चाचपडावं, असं त्याच्या मनात आलंही. पण हातांना ते जमलं नाही. प्लेट काढून अवधूतनं स्वतः मोजली, पुन्हा मोजली, आणि छान हात आहे, एवढंच म्हणून पुढं गेला.

निकाल यायला सहा दिवस लागले. पिराजीला सारखं वाटत होतं की आपला हातच सगळं सांगून बसला. त्याची झोप उडाली. शिवलीला त्याला डबा देताना दोनदा हाक मारायची, तेव्हा तो भानावर यायचा.

बुधवारी पत्र आलं. कारखाना पास झाला होता. खाली एकच शेरा होता: ग्राइंडरवरील नवीन कामगाराच्या प्रशिक्षणाची नोंद आढळली नाही, पंधरा दिवसांत सादर करावी.

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. वीणाला त्यांनी नोंद तयार करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पिराजीला आणि योगीराजला ऑफिसात बोलावलं. कारखान्याचं नाव छापलेल्या कागदावर इंग्रजीत मजकूर होता. वीणानं मराठीत वाचून दाखवला. श्री. पिराजी यांना श्री. योगीराज यांनी सरफेस ग्राइंडरचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि आता ते स्वतंत्रपणे काम करण्यास पात्र आहेत.

योगीराजनं ऐकलं आणि तो ओशाळला. ग्राइंडरचं बटण कुठलं तेवढं मला ठाऊक हाय, असं तो हळूच म्हणाला. अण्णांनी हात झटकला. कागदाला काय विचारता, सही करा आणि जावा.

पिराजीनं पेन घेतलं नाही.

"ह्याच्यावर मी सही करणार न्हाई, अण्णा."

अण्णांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पिराजी पुन्हा तेच म्हणाला. टेबलाच्या कडेला त्यानं बोटं टेकवली. तारीख तुम्ही म्हणालात तशी लिहिली, तो म्हणाला, त्या माणसासमोर खोटंही बोललो, दोन्ही केलं ते माझ्या एकट्यासाठी नव्हतं. पण हे काम मला पंधरा दिवसांत कुणी शिकवलं, असं मी लिहून देणार नाही. एवढं बोलून तो थांबला. आता पुढं काय होईल, त्याला कळत नव्हतं. अण्णांच्या कपाळावरची शीर फुगलेली त्याला दिसली, आणि घरभाडं, शिवलीला, निपाणीतली म्हातारी आई, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

योगीराज म्हणाला, "मी बी करणार न्हाई मग. माझं नाव खोटं कशाला?"

प्रशिक्षण दाखवलंच पाहिजे असं नाही, वीणा म्हणाली. माणूस आधीच अनुभवी असेल तर पूर्वानुभवाचा दाखला चालतो, मालकाच्या सहीनं.

"मग तो कर," अण्णा म्हणाले.

तिनं तिथंच टाइप केलं. अनुभव किती, हे तिनं पिराजीला विचारलं. निपाणीची बारा धरून वीस म्हणता आलं असतं. पिराजीनं सांगितलं, "निपाणी, बारा वर्सं. राजाजीनगर, बेंगळूर, आठ वर्सं."

वीणाची बोटं क्षणभर थांबली, मग चालू लागली. छापलेला कागद तिनं अण्णांपुढं ठेवला. त्यांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"आठ," ते म्हणाले.

"आठ, अण्णा."

अण्णांनी सही केली, खाली शिक्का मारला आणि कागद वीणाकडे सरकवला. त्यानंतर ते उठून शेडमध्ये गेले आणि बराच वेळ नव्या मशीनपाशी पाठमोरे उभे राहिले. वीणानं न विचारताच एक प्रत काढून पिराजीच्या हातात दिली. याचा पुढे उपयोग होईल का, असं त्यानं दबक्या आवाजात विचारलं. मला खरंच माहीत नाही, भाऊ, वकिलाला विचारावं लागेल, असं ती म्हणाली.

संध्याकाळी शिवलीलानं तो कागद खिडकीपाशी उभं राहून वाचला. तिला इंग्रजी अक्षर अक्षर लावावं लागायचं, वेळ लागला.

"आठ वर्सं कुठं काम केलं त्या कारखान्याचं नावच न्हाई ह्यात," ती म्हणाली.

पिराजीनं वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं अण्णांच्या कारखान्याचं नाव निळ्या शाईत छापलेलं होतं.

ती त्या नावाकडे आणि खालच्या सहीकडे आळीपाळीनं बघत राहिली. "गडबडीत केली आसंल सही. नंतर न्हाई म्हणाले तर?"

"म्हणतील बी," पिराजी म्हणाला. "पण चष्मा लावून वाचलंय त्यांनी."